कवडीच्या पोटाखालची जमीन

आमच्या एकोडीत डिसेंबर लागला की अंथरायच्या वस्तूंची ददात नसते. धान मळून झालेलं असतं. बांध्यांच्या धुऱ्यावर तणसाचे ढीग, गिरणीमागे कोंड्याचा डोंगर आणि चुलबंद नदीचं पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली स्वच्छ रेती. कोंबडीच्या पिल्लांखाली मी वर्षानुवर्षं धानाचा कोंडा पसरत आले. तो ओल शोषतो, पिल्लांच्या पायांना ऊब देतो, खराब झाला की शेतात टाकता येतो. म्हणून मुलीने नागपूरहून काचेची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा आतल्या जिवाखाली काय अंथरावं याचा मला विचारही करावा लागला नाही.

पेटीत लेपर्ड गेको होती, बंदिवासातच जन्मलेली. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून मुलीने नाव ठेवलं कवडी. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काहून आणलीस वं ही पाल घरात?" पण ही भिंतीवरची पाल नव्हे. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे ती काचेवर चढत नाही, जमिनीवरच चालते. डोळ्यांना पापण्या आहेत. शेपटी जाड, कारण अडचणीच्या दिवसांसाठीची चरबी तिथे साठते. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 साली पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून या जातीचं वर्णन केलं. आपल्या सातपुड्यातही हिची एक बहीण राहते. तिची वेगळी जात म्हणून नोंद व्हायला 2014 साल उजाडलं. रानातल्या त्या बहिणीला कुणी घरी आणू नये, हे मुलीने मला पहिल्याच दिवशी बजावलं.

परीक्षेसाठी मुलगी परत गेली आणि कवडी माझ्याकडे राहिली. पेटीत खाली नुसते कागदी रुमाल अंथरलेले होते. मला ते बघवेना. वाळवंटातला जीव आणि कागदावर राहतो! मी चुलबंदची रेती तीनदा धुतली, चाळली, उन्हात वाळवली आणि दोन बोटं जाड पसरली. पेटी इतकी सुरेख दिसू लागली की मी मुलीला फोटो पाठवणार होते. मग वाटलं, आल्यावर तिला आपोआप दिसेल.

दहाव्या-बाराव्या दिवशी कवडीने खायला दिलेल्या रातकिड्याकडे पाठ फिरवली. पहिल्या दिवशी मी मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं की पाच दिवसांत तिची विष्ठाही दिसलेली नाही. शेपटी बारीक झाली होती, पोट ताठ लागत होतं. मुलीला फोन केला तेव्हा तिने एकच विचारलं, "आई, खाली काय आहे?" मी रेती म्हणाले. पलीकडे ती बराच वेळ बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यात टॉवेल घालून, शेजारी कोमट पाण्याची बाटली ठेवून मी तिला नागपूरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत पोटाच्या मागच्या भागात पांढरा पट्टा होता. ती माझी रेती. मी तीनदा धुतलेली.

डॉक्टरांनी समजावलं ते मी तेव्हापासून अनेकांना सांगितलं आहे. कवडी जमीन जिभेने ओळखते, दर काही पावलांनी ती चाटत असते. किड्यावर झेप घेते तेव्हा त्याच्यासोबत जमिनीचाही घास घेते. अन्नात कॅल्शियम कमी पडलं तर ती मुद्दाम माती-रेती चाटते. मी रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड लावायला बरेचदा विसरले होते. आणि तिचं पचन पोटाखालच्या उबेवर चालतं. उबदार बाजूची जमीन 31 ते 33 अंश लागते, थंड बाजू 25च्या आसपास. त्या महिन्यात आमच्याकडे रात्री वीज जायची, पेटीखालची गरम चटई बंद पडायची आणि मी झोपलेली असायचे. पोट गार, पाणी कमी, कॅल्शियम कमी, आणि खाली सुटी रेती. एकट्या रेतीने कदाचित तिला काही झालं नसतं. या सगळ्यांनी मिळून तिची वाट अडवली.

उपचार साधे होते, पण धीराचे. डॉक्टरांनी दिलेलं औषध, उबदार जागा आणि रोज कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवणं. पाणी फक्त तिच्या पोटापर्यंत. सहाव्या सकाळी कागदावर रेतीने भरलेली विष्ठा दिसली आणि मी अंगणात जाऊन मोकळी रडले.

मग मी नव्याने विचार करायला बसले. घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारलं: ही तिच्या तोंडात गेली तर? कोंडा माझ्या पिल्लांना चालतो, कारण कोंबडीला खड्यांच्या मदतीने दाणा दळणारी पोटळी असते. कवडीला ती नाही. शिवाय कोंड्यात सिलिका असते, कडा टोकदार असतात, धूळ उडते. तणीस ओलावली की बुरशी धरते. सुताराकडचा भुसा बारीक आणि लाकडाच्या वासाचा. दुकानातली रंगीत कॅल्शियमची रेती पोटात विरघळते असं सांगून विकली जाते, पण ओली झाली की तीही गोळा होते, आणि कॅल्शियमसाठी भुकेला जीव तीच जास्त चाटतो. शेतातल्या मातीत फवारणीचा अंश.

दोन महिने मी कागदच ठेवला. त्यावर विष्ठा स्पष्ट दिसते, आजारातून उठलेल्या जिवासाठी त्याहून चांगलं अंथरूण नाही. उबदार बाजूला खडबडीत फरशी बसवली. ती ऊब धरून ठेवते, नखं झिजवते, गिळता येत नाही. थंड बाजूला एक कवेलू पालथं घातलं आणि त्याखाली ओलसर कागदी रुमाल ठेवला. कात टाकताना ओलावा मिळाला नाही तर बोटांवर कातीची कडी राहून बोट झडू शकतं.

तिच्या मूळ मुलखातली जमीन कशी असते, हे मुलीने मला दाखवलं: खडक, आणि उन्हाने भाजून कडक झालेली चिकणमाती. सुटी रेती आमच्या डोळ्यांतल्या वाळवंटातली. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आपल्या पडवीसारखीच ना?"

तेवढ्यावरून वाट सापडली. सासूबाईंनीच सांगितलं कुठली माती घ्यायची: जिथे कधी फवारणी झाली नाही, अशा गावाबाहेरच्या पडीक जागेतली पिवळी. ती चाळून उन्हात तापवली, पाण्याने मळली, थंड बाजूला चार बोटं जाड घातली आणि पूर्वी पडवी चोपायचो तशी चोपली. धुम्मस पेटीत मावेना, म्हणून वरवंट्याने. शेण मात्र घातलं नाही. गरम चटईवर मातीही घातली नाही, तिथे फक्त फरशी. आठ दिवस वाळू दिली. बोटाने खरवडून पाहिली, कण सुटला नाही, तेव्हाच कवडीला आत सोडलं.

रातकिडा आता मी खोलगट वाटीत देते, पूड लावून. वीज गेली की उठते आणि कोमट पाण्याची बाटली पेटीला लावते. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिने आधी फरशी हाताने चाचपली, मग मातीवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.