चार वाण, दोन पाणी

माझे सासर बारामतीचे आणि माहेर इंदापूरचे. मध्ये भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे घेत जाणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. दोन्ही घरांच्या मागे थोडी थोडी जागा आहे आणि दोन्हीकडे टोमॅटो लावतात. बारामतीला माझ्या सासूबाई नर्सरीतून रोपे आणतात. इंदापूरला अम्मी स्वतःचे बी धरते. ते बी तिला तिच्या सासूकडून, म्हणजे आमच्या दादीकडून मिळाले. त्या वाणाला नाव नाही. घरात आम्ही त्याला नुसते 'टमाटे' म्हणतो आणि बाकीच्या सगळ्यांना 'बाजार के टमाटे'.

२०२२ च्या पावसाळ्यात भाईजानने इंदापूरच्या घरामागे दोन खोल्या काढून भाड्याने देण्याचा विषय काढला. अब्बांचा इंतकाल झाल्यापासून घरखर्चाची ओढाताण होती, अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला लागत होत्या, त्यामुळे त्याच्या बोलण्यात गैर काही नव्हते. अम्मी एवढेच म्हणाली, "फिर टमाटे किधर लगाऊं?" भाईजान हसला. म्हणाला, वीस रुपये किलोने मिळतात, तुझ्यापेक्षा मोठे, तुझ्यापेक्षा लाल. अम्मी गप्प बसली. ती गप्प बसली की घरात कोणाला जेवण गोड लागत नाही, म्हणून मी मध्ये पडले. म्हटले, एक हंगाम मोजून बघू. चार वाण लावू, इकडेही आणि तिकडेही, आणि काय निघते ते वहीत लिहू. मग ज्याला जे बोलायचे ते बोला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा माझ्या या उद्योगाचे घरात कोणाला नवल वाटले नाही. शाळेतल्या एका जुन्या हजेरीपटाची कोरी पाने शिल्लक होती, ती मी यासाठी वापरली.

चार वाण असे ठरले. पहिला 'पुसा रुबी', दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने काढलेला जुना सुधारित वाण. फळ चपटे-गोल, देठाजवळ हलक्या रेघा, चव आंबटसर. दुसरा 'भाग्यश्री', राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. फळ गडद लाल, गर भरपूर, बिया कमी. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन या वाणात जास्त असते, म्हणून प्रक्रियेसाठी त्याची शिफारस करतात. तिसरा, नर्सरीत मिळणारा लांबट गोल फळाचा संकरित वाण, जो बाजारात हातगाड्यांवर दिसतो. चौथे अम्मीचे टमाटे: लिंबाहून थोडे मोठे, चपटे, अंगावर भोपळ्यासारख्या खोल रेघा.

(संकरित म्हणजे 'हायब्रीड' हे मराठीत सांगायला सोपे आहे. उर्दू शब्दकोशात त्याला 'दोगला' असाही शब्द आहे, पण तो सातवीच्या वर्गात उच्चारायची सोय नाही. एकदा उच्चारला आणि तो तास तिथेच संपला.)

सप्टेंबरच्या मध्याला बी टाकले आणि ऑक्टोबरच्या मध्याला रोपे लावली. प्रत्येक वाणाची सहा झाडे बारामतीला, सहा इंदापूरला. हा हंगाम मुद्दाम निवडला. टोमॅटोला फळ धरण्यासाठी गार रात्री लागतात. दिवसा पस्तीस अंशांच्या वर आणि रात्री बाविसाच्या वर पारा राहू लागला की फुले येतात आणि गळून जातात. आमच्याकडे एप्रिलमध्ये लोक झाडाला नजर लागली म्हणतात ती हीच.

खत दोन्हीकडे सारखेच, शेणखत आणि निंबोळी पेंड. औषध मारायचे नाही असे ठरले होते. पांढऱ्या माशीसाठी पत्र्याच्या तुकड्यांना पिवळा रंग देऊन वर एरंडेल फासले. तरीही बारामतीत पुसा रुबीच्या दोन झाडांची पाने चुरडली. ही माशी तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि एकदा तो आला की औषध नाही. ती दोन झाडे मी उपटून जाळली. २०१४ साली महाराष्ट्रात 'टुटा' नावाची नवी पाने पोखरणारी अळी सापडली, तिच्याही नागमोडी पांढऱ्या रेघा पानांवर दिसल्या. तेवढी पाने सासूबाईंनी रोज सकाळी चहाच्या आधी खुडून टाकली. त्यांना या प्रयोगात माझ्यापेक्षा जास्त रस वाटू लागला होता. मी शाळेत असले की वजन त्याच करीत आणि आकडा पाटीवर लिहून ठेवीत.

मार्चअखेरचा हिशेब असा. बारामतीत संकरित २१ किलो, भाग्यश्री १३, पुसा रुबी चार झाडांवर ८, अम्मीचे टमाटे ८. इंदापुरात संकरित १२, भाग्यश्री ९, पुसा रुबी सहा झाडांवर ८, अम्मीचे ७. भाईजानने वही पाहिली आणि म्हणाला, "देखो." संकरित दोन्हीकडे पहिला. खरेच होते ते.

पण बी.एड.ला मूल्यमापनाच्या विषयात एक गोष्ट घोकून घेतली होती: चाचणी विश्वसनीय असून भागत नाही, ती वैध असावी लागते. जे मोजायचे तेच ती मोजते का, हे आधी पाहायचे. आमचा तराजू विश्वसनीय होता. आम्हाला मोजायचे काय होते हे मात्र कोणी विचारले नव्हते. म्हणून मी आणखी दोन रकाने पाडले. एक स्वयंपाकाचा, एक टिकण्याचा. टिकण्यात संकरित पुन्हा पहिला: घडवंचीवर बारा दिवस राहिला, अम्मीचे तिसऱ्या दिवशी मऊ पडले. भाग्यश्री आठवडाभर. स्वयंपाकाच्या रकान्यात मात्र उलटे झाले. अर्धा किलो गोश्ताच्या सालनाला संकरित चार टोमॅटो घातले तरी रंग येतो, आंबटपणा येत नाही, आणि साली गुंडाळ्या होऊन वर तरंगतात. जाड भिंतीचे ते फळ ट्रकचा प्रवास सोसण्यासाठी काढलेले आहे, कांद्यात विरघळण्यासाठी नाही. अम्मीचे छोटे चार पुरतात आणि पाच मिनिटांत दिसेनासे होतात. अम्मीचे मत एका ओळीचे: "सालन में खटाई आयी तो टमाटा, नै तो पानी." चटणीला आणि सॉसला मात्र माझे मत भाग्यश्रीला. तसा रंग दुसऱ्या कोणाला नाही.

मला खरे कोडे पडले ते वेगळ्याच आकड्यांचे. संकरिताचे उत्पन्न बारामतीहून इंदापूरला जाताना जवळजवळ निम्म्यावर आले. अम्मीचे जेमतेम किलोभराने घटले. शिवाय इंदापुरात संकरिताच्या कितीतरी फळांच्या बुडाला काळा खोलगट डाग पडला. हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत चुना पोचला नाही की असे होते, आणि पाणी खारट असले किंवा कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे दिले तर जास्त होते.

बारामतीत नळाला येते ते नीरा डाव्या कालव्याचे. इंदापूरला मागच्या जागेत बोअरचे पाणी. त्यात भांडी धुतली तर पांढरे डाग राहतात आणि डाळ शिजायला तास लागतो. आपल्या भागाला खारटपणा नवा नाही. १८८५ च्या सुमारास नीरा कालवा सुरू झाला, दुष्काळी मुलखात ऊस आला, आणि पाण्याचा निचरा न झाल्याने जमिनीच्या पोटातले क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली, म्हणजे पंचवीस वर्षांत हे दुखणे लिहिण्याजोगे मोठे झाले होते.

खारट पाण्यातून मुळांना पाणी ओढणे जड जाते. फळात पाणी कमी शिरते, ते लहान राहते, आणि त्यामुळे त्यातली साखर आणि आंबटपणा दाट होतो. इंदापूरचे चारही वाण बारामतीपेक्षा लहान आणि चारही चवीला जास्त. संकरितसुद्धा! सासूबाईंनी इंदापूरचा संकरित चाखला आणि विचारले, "हाच का तो?"

अम्मीला यातले शास्त्र माहीत नव्हते. पण ती दरवर्षी सगळ्यात धट्ट्याकट्ट्या झाडाचा दुसरा घोस पिकेपर्यंत ठेवते, बुडाला डाग असलेले फळ कधीच घेत नाही, गर पेल्यात पिळून दोन दिवस आंबवते, धुऊन राखेत घोळते आणि कागदावर वाळवते. आंबवल्याने बियांवरचा बुळबुळीत थर जातो, तो उगवण रोखून धरतो. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे बी फारसे भेसळत नाही. संकरिताचे बी धरले तर पुढच्या पिढीत एक झाड मामावर, एक काकावर जाते. दादीपासून अम्मीपर्यंत पन्नासेक वर्षे त्याच खारट पाण्यात तग धरणाऱ्याच झाडांचे बी पुढे गेले. कोणी प्रयोग म्हणून केले नाही, पण निवड झाली.

भाईजानला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, सगळे ठीक, पण फेब्रुवारीत तुझ्या सात किलोंचे बाजारात सत्तर रुपये आले असते. एका खोलीचे भाडे दोन हजार. याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये टोमॅटो शंभराच्या, मग दीडशेच्या पुढे गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या बाजारात ज्यांचा माल त्या दिवसांत निघाला त्यांचे नशीब उघडले आणि सप्टेंबरात त्याच टोमॅटोला तोडणीची मजुरी सुटेना. अम्मीने मार्चमध्ये टमाट्यांच्या चकत्या मीठ लावून खाटेवर वाळवल्या होत्या, बरणीभर. जुलैचे सालन त्यावर निघाले. भाईजान दोन वेळा जेवला आणि खोल्यांचा विषय त्या महिन्यात निघाला नाही.

पुढे पाऊस रुसला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. जानेवारीत उजनीचा जिवंत साठा संपला आणि धरण वजा पातळीत गेले. अम्मीची बोअर सकाळी अर्धा तास पाणी देई, तेही जास्तच खारट. त्या हंगामात आम्ही प्रत्येक वाणाची दोनच झाडे लावली. अम्मी वाफ्याच्या कडेला पाट ठेवून वजू करायची, ते पाणी झाडांना. भांड्यांचे साबण नसलेले पहिले पाणी झाडांना. संकरिताची दोन्ही झाडे फेब्रुवारीत वाळली. पुसा रुबीने थोडी फळे दिली, सगळी तडकलेली. भाग्यश्रीचे एक झाड तगले. अम्मीच्या दोन झाडांवर सव्वा किलो टमाटे निघाले. त्यातले तीन तिने बियांसाठी ठेवले आणि आम्हाला चाखायलासुद्धा दिले नाहीत.

२०२४ च्या पावसाने उजनी भरली. दिवाळीच्या सुट्टीत खोल्यांचा पाया खणला. अम्मीने स्वतःच हो म्हटले. गोळ्यांचे पैसे मुलाकडे मागावे लागतात याचा तिला टमाटे जाण्यापेक्षा जास्त त्रास होत होता, हे ती मला नंतर बोलली. एका खोलीत नर्सिंगच्या दोन मुली राहतात, दुसरीत एक कंडक्टर.

बी बारामतीला आले. माझ्या वाफ्यात आता सहाऐवजी बारा झाडे अम्मीच्या टमाट्यांची आहेत. कालव्याच्या पाण्यावर ती भराभर वाढतात, फळ जवळजवळ दुप्पट होते, रेघा बुजतात. पहिला तोडा मी डब्यात घालून इंदापूरला नेला. अम्मीने एक फोडला, मीठ न लावता खाल्ला.

"पानी पी पी के फूले हैं, और क्या."

मग तिने उपाय सांगितला. फळावर पहिली लाली आली की पाणी अर्धे करायचे, पाने दुपारी मान टाकू लागली तरी घाबरायचे नाही. तसे केले. फरक पडला, पण पुरता नाही. सासूबाईंचे म्हणणे की मुळात आपली माती गोडी आहे. आता चार झाडांना अर्धे पाणी, चार झाडांना पूर्ण पाणी, आणि उरलेल्या चार झाडांसाठी भाईजान दर रविवारी मोटारसायकलवर इंदापूरच्या बोअरच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधून आणतो. कोणी सांगितले नव्हते. पहिल्यांदा आला तेव्हा कॅन दारात ठेवून म्हणाला, "वही में ये भी लिख." त्या चार झाडांना दुसरा घोस धरला आहे, फळे अजून हिरवी आहेत.