अतिभार



गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे धुणंभांडी करणारी ताई तापानं सहा दिवस आली नाही. चांद्याहून चालत नांद्यात आमच्या सोसायटीत येते, चार घरं करते. महिना अडीच हजार, भागिले तीस, गुणिले सहा. मी पाचशे रुपये कापले. बी.कॉम. आहे, हिशेबात पै चुकत नाही. तिनं नोटा मोजल्या, "बरं काकू" म्हणाली आणि भांड्यांना लागली.

पुढे संवत्सरीच्या प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे अतिचार आले. त्यात अतिभार, आणि भक्तपान-विच्छेद, म्हणजे आश्रिताचं अन्नपाणी तोडणं. चाळीस वर्षं म्हणतेय. अतिभार म्हटलं की मला बैलगाडी दिसायची, आणि आमच्याकडे बैल कधीच नव्हता! त्या दिवशी मात्र पाचशेची नोट दिसली. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावलं, नणंदा-जावांना फोन केले. तिला काहीच बोलले नाही. लाज वाटली.

मग नोव्हेंबरात पेपरात आलं की २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. कॉलेजात पाठ केलेला १९४८ चा कारखाने कायदा आठवला. वर्षात २४० दिवस काम झालं की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा. आता २४० चे १८० झालेत. पण दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं. माझं घर त्यात बसत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत घरकामगार आहेत, महाराष्ट्रात २००८ च्या कायद्यानं त्यांचं कल्याण मंडळही आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला तिथं नोंदणी करता येते. पण आजारपणाचा पगार कापू नकोस, असं मला त्यातलं कुणीच सांगत नाही. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा मी कॉलेजात होते. पगारवाढ आणि सुट्टी, याच मागण्या. आमच्या घरात त्यावर फार हसणं झालं होतं. मीही हसले होते.

हिशेब मांडला. तिचे वर्षाचे तीनशेच्या वर दिवस भरतात. कारखान्यात असती तर पंधरा पगारी रजा मिळाल्या असत्या, शिवाय आठवड्याची सुट्टी वेगळी. पाचशे रुपये पाकिटात घालून दिले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. तिला शब्द कळला नसावा, पैसे कळले. म्हणाली, "काकू, त्यापेक्षा महिन्याला दोन सुट्ट्या ठरवूनच द्या ना. दर वेळी तोंड वेंगाडायला नको. आणि तारीख मी सांगणार."

मी तर स्वतःला फार उदार समजत होते. तिला उपकार नको होता, ठरलेलं हवं होतं. दिल्या.

सोसायटीच्या ग्रुपवर दोघी-तिघींनी लिहिलं, "तुम्ही सवयी लावताय, आमच्याकडेही मागतील." याच ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी मिळून दर ठरवला होता, कुणी वाढवायचा नाही म्हणून. तेव्हा त्याला कुणी युनियन म्हटलं नाही. मीही गप्पच होते. या वेळी लिहिलं, "मागू देत."

पहिली सुट्टी तिनं नेमकी माझ्या तेल्याच्या पारण्याच्या दिवशी घेतली. घरात अकरा पाहुणे. भांडी मी आणि सुनेनं घासली, कढई तीनदा.