पोचपावती

नोकरीनिमित्त मुलूख सोडून गेलेला मराठी माणूस बरोबर काय काय नेतो, याच्या याद्या पुष्कळांनी केल्या आहेत. पुरणयंत्र, सहाण, देवांतला बाळकृष्ण, ज्ञानेश्वरीची एखादी प्रत, आणि कितीही बदल्या झाल्या तरी कागदोपत्री न बदलणारा मूळ गावचा पत्ता. या याद्यांत न येणारी एक वस्तू आम्ही दोघी बहिणींनी वाईच्या वाड्यातून उचलली आणि लग्नानंतर एकीने भोपाळला व दुसरीने दिल्लीला नेली. ती वस्तू म्हणजे घरातले एक गुपित. आज दोघींनीही ऐंशी ओलांडली आहे. ज्यांच्या अब्रूसाठी ते राखले, त्यांपैकी कोणी हयात नाही. म्हणून आता लिहितो.

आमची आत्या लग्नानंतर सहा वर्षांतच विधवा होऊन माहेरी परतली होती. आम्हां दोघींना पाटीवर अक्षरे गिरवायला तिनेच शिकविले. तिचा ‘ल’ वेगळा असे. त्याची काठी ओळीखाली लांबवर उतरलेली. आमचे पुष्कळसे बालपण तिच्या अंथरुणाच्या कडेला गेले.

१९५१ च्या श्रावणात एका रात्री आजीने थोरलीला उठविले. ती तेव्हा दहा वर्षांची. तिच्या हाती कंदील देऊन आजीने तिला दिंडीदरवाजाशी उभे केले. बाहेर बैलगाडी होती. वडील चढले, मग आत्या चढली. चढण्यापूर्वी तिने थोरलीच्या गालावरून हात फिरविला; बोलली काही नाही. गाडी गेल्यावर आजीने थोरलीचा हात देव्हाऱ्यावर ठेवून ‘मी काही पाहिले नाही’ असे वदवून घेतले. सकाळी घरात सांगण्यात आले, की आत्या काशीस गेली. दोन महिन्यांनी काशीहून वाईट बातमी आल्याचे कळले, घरात अंघोळी झाल्या, आणि आत्याचे नाव वाड्यातून पुसले गेले.

धाकटीने यातले काहीच पाहिले नव्हते. तिने पाहिले ते दोन वर्षांनी. पोस्टमनने दिलेली मनीऑर्डरची पोचपावती तिने वडिलांना नेऊन दिली. तिच्यावर शिक्का पंढरपूरचा होता, आणि सहीतला ‘ल’ आत्याचा होता. वडिलांनी पावतीची घडी करून खिशात घातली व एवढेच म्हणाले, “बाळ, हे आईलासुद्धा सांगायचे नाही.”

पुढे कित्येक वर्षे एकीजवळ ती रात्र होती, दुसरीजवळ ती पावती. आपण कंदील धरला म्हणून आत्या मेली, असे मानत थोरली वाढली. मेलेल्या माणसाची सही पाहिली म्हणून धाकटी पोस्टमनला भिऊ लागली. लग्नानंतर आम्ही एकमेकींना दर पंधरवड्यास पत्र लिहीत असू. त्यांत धान्याचे भाव असत, बदल्यांच्या वार्ता असत, मुलांचे ताप-खोकले असत. प्रत्येकीस वाटे, दुसरीला ठाऊक नाही. तिचे बालपण तरी निर्मळ राहू दे. १९७७ साली वडील गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडताच धाकटीचा हात सरळ तळाशी गेला आणि थोरलीने विचारले, “तुला काय शोधायचे आहे?” पावत्यांचा गठ्ठा १९५६ पर्यंतचा निघाला. त्या दुपारी दोन अर्धी एकत्र आली.

पंढरपूरच का, हे जुन्या वाचकांस सांगावे लागणार नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. गरोदर राहिलेल्या विधवेने तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे वा ठेवून जावे, अशी सोय केली. तेथे जन्मलेला, एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही असा आश्रम निघाला, तो लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने. हे गृहस्थ गुजरातचे. न्यायखात्याच्या नोकरीने त्यांना पंढरपुरी आणले होते. यात्रेच्या निमित्ताने विधवेला तेथे आणावे, मूल मागे ठेवावे आणि निघून जावे, हा प्रकार क्षेत्रातल्या लोकांच्या अंगवळणी पडला होता. तो बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्याला खुपला. बदलीच्या गावी आपण चार दिवसांचे पाहुणे, असे समजणाऱ्या आम्हां नोकरदारांच्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

म्हणजे कायदा होता, आश्रम होते. १९५१ साली राज्यघटनाही लागू झालेली होती. खुद्द वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाचे काम करीत होते. नव्हता तो एकच: आमच्या ओसरीवर या गोष्टीचा उच्चार.

‘घटस्फोट’ हा शब्द आज न्यायालयातल्या अर्जापुरता उरला आहे. धर्मशास्त्रात त्याचा अर्थ निराळा. पतित ठरलेल्या मनुष्याला तो जिवंत असतानाच आप्तांनी उदक द्यावे, दासीने भरलेला घट पायाने लवंडावा, आणि त्या दिवसापासून तो मेला असे समजावे, असा विधी मनुस्मृतीत सांगितला आहे. आमच्या घरी घट लवंडला नाही. काशीहून कधी न आलेल्या पत्राने ते काम केले. वडिलांजवळ दरमहा पंधरा रुपये पाठविण्याइतकी माया होती. बहीण जिवंत आहे, असे म्हणण्याइतके बळ नव्हते. आणि ज्या पुरुषामुळे हे घडले, त्याच्या नावाने कोणी घट लवंडला नाही. त्याचे पान पुढेही कुठल्यातरी पंगतीत मांडले जात राहिले असेल.

सरकारी दप्तरात ‘गोपनीय’ शिक्क्याचा कागदही कधी ना कधी फेरतपासणीस येतो. घरातल्या गुपिताला तसा नियम नाही. ते ज्यांनी निर्माण केले त्यांच्या मागे, ज्यांनी ते मागितले नव्हते अशा पोरांच्या गळ्यात राहते.

आता आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघत आहे. जुन्या आवृत्तीत आत्यापुढे ‘निःसंतान, मृत्यू काशी, १९५१’ असे छापले आहे. दुरुस्त्या मागविल्या, तेव्हा आम्हां बहिणींत प्रथमच वाद झाला. थोरलीचे म्हणणे, सगळे लिहावे. खोटे छापून राहिले तेवढे पुरे. धाकटीचे म्हणणे, ते मूल वाचले असेल तर आज सत्तरीपलीकडे असेल. त्याला नाव असेल, घर असेल, नातवंडे असतील. त्याच्या जन्माची कथा गावभर करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

विचाराअंती दोघींनाही दोघींचे पटले. आत्याचे नाव न घालता हकीकत येथे लिहिली. कुलवृत्तान्तातून ‘निःसंतान’, ‘काशी’ आणि ‘१९५१’ हे तिन्ही शब्द काढण्यास कळविले. त्यांच्या जागी घालण्यासाठी आमच्या हाती पावत्यांत आहे तेवढेच होते. म्हणून दोघींच्या सहीने एकच ओळ पाठविली: ‘१९५६ पर्यंत पंढरपूर येथे हयात.’