कोपऱ्यातला मोह

मनुष्याने चाळिशी ओलांडली की त्याला एखादा छंद जडतो, असे म्हणतात. कुणी ज्योतिषाच्या नादी लागतो, कुणी होमिओपॅथीच्या. माझ्या वाट्याला आकाश आले. मराठीचा प्राध्यापक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून, गळ्यात तोफेएवढी लेन्स अडकवून सकाळी सहाला स्कूटरवरून बारवी धरणाकडे निघाला, म्हणजे बदलापुरातले आमचे शेजारी मनात जे म्हणतात ते मला ऐकू येत नाही; आणि सौ. मोठ्याने जे म्हणते ते मी ऐकत नाही.

ह्या वेडाला मोठी परंपरा आहे. एतिएन-ज्यूल मारे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रे! ती बंदूक घेऊन तो नेपल्सच्या समुद्रकाठी उडत्या पक्ष्यांवर नेम धरी. नेम धरतो, चाप ओढतो, पण पाडत मात्र एकही नाही, तेव्हा लोकांनी त्याला वेडा ठरवून टाकले, असे सांगतात. बदलापूरची मंडळी त्या मानाने पुष्कळच सौम्य.

आता बारवी म्हणजे काही समुद्र नव्हे. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलेले हे धरण. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या घरांत नळ सोडला की बहुधा हेच पाणी येते. पण समुद्रकाठचा एक पाहुणा इथेही हिवाळा काढायला येतो. त्याचे नाव कैकर, इंग्रजीत ऑस्प्रे. तो जवळजवळ केवळ मासळीवर जगतो, त्यामुळे खाडी काय नि धरण काय, मासळी असली की त्याचे भागते. पोट पांढरेशुभ्र, डोळ्यावरून गडद पट्टा, आणि पकडलेला मासा नेताना त्याचे डोके पुढे करून नेण्याची शिस्त. वाऱ्याला विरोध कमी व्हावा म्हणून! आमच्या लोकलमध्ये सामान घेऊन चढणाऱ्यांनी त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

सकाळी तो एखाद्या वठलेल्या झाडावर बसून असतो. ऊन चढले, जमीन तापली, की तापलेली हवा वर उठू लागते. मग हा पंख पसरतो आणि फारसे न फडफडवता, त्या हवेच्या खांद्यावर बसून, गोल गोल वर जातो. पाहता पाहता त्याचा तीळ होतो. खरी गंमत इथेच आहे. जी हवा त्याला उचलते, तीच लेन्सपुढे चुलीवरच्या वाफेसारखी थरथरते आणि चित्राची कड पुसून टाकते. त्यातून आकाश लख्ख. कॅमेरा त्याला भुलून सगळेच अंधारे करतो आणि पांढऱ्या पोटाचा पक्षी कोळशासारखा उमटतो. म्हणून प्रकाश मुद्दाम एक घर वाढवून घ्यायचा, वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवायचा, आणि मान दुखेपर्यंत वर बघायचे. पावसाळी वारे कधीकधी फ्रिगेट पक्ष्याला आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतात. पिसे भिजतात म्हणून त्या बिचाऱ्याला समुद्रावर टेकता येत नाही. तो दोन दोन महिने हवेतच राहू शकतो आणि ढगांतून चार हजार मीटरपर्यंत चढतो, असे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले. तो काही मला अजून भेटलेला नाही. माझ्या मानेच्या दृष्टीने ते बरेच आहे.

घरी आल्यावर दुसरा अंक. संगणकावर चित्र उघडून बसलो की मला उत्तरपत्रिका तपासल्यासारखेच वाटते. पोटावरची सावली थोडी उजळणे म्हणजे ऱ्हस्वदीर्घ सुधारणे. कडेचा फापटपसारा कापणे, हेही चालते. पण फिकट आकाश काढून तिथे दुसरीकडचे निळे आकाश बसवायचे, म्हणजे विद्यार्थ्याचा निबंध आपणच लिहून त्याला पैकीच्या पैकी गुण देण्यासारखे झाले.

गेल्या फेब्रुवारीत मासा घेऊन वळणारा कैकर मला एकदाचा नीट सापडला. चित्र एका प्रदर्शनाला पाठवायचे ठरले. डाव्या कोपऱ्यात, मागे, पाण्यातून वर आलेला एक काळा, वठलेला शेंडा होता. कन्या म्हणाली, “बाबा, हे मध्येच काय? थांबा.” तिने बोट फिरवले आणि झाड गेले. नुसते गेले नाही, त्याच्या जागी लाटाही आल्या. चित्र खरोखरच देखणे झाले. मोह कुणालाही पडला असता.

दोन दिवसांनी वर्गाबाहेर मी मूळ चित्र मोबाइलवर मुलांना दाखवत होतो. बहुतेकांनी “वा सर!” म्हटले. एकाने मात्र पक्ष्याकडे पाहिलेच नाही. दोन बोटांनी त्याने तो कोपरा मोठा केला आणि म्हणाला, “सर, हा आमचा मोह.”

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत पहिल्यांदा भरले. मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली अशी गावे त्या पाण्याखाली गेली. ह्याचे घर अशाच एका गावातले. मागच्या टेकडीची खाच आणि खोडाचे बेचके ह्यांवरून त्याने झाड ओळखले. चैत्रात त्याची आजी पहाटे ह्याच्याखाली फुले वेचायला जात असे. मग जरा संकोचून तो म्हणाला, “सर, एवढंच कापून द्याल? वडलांना दाखवतो. पक्षी नसला तरी चालेल.”

पक्षी नसला तरी चालेल! तीन हिवाळ्यांची माझी मान त्या वाक्याने दुखली.

रात्री तो कोपरा मोठा केला. सगळा नेम पक्ष्यावर, तेव्हा झाड धूसर असणारच. संगणकातली कृत्रिम बुद्धी म्हणाली, मी स्पष्ट करून देते. आणि तिने ते केलेही. रेखीव साल, बारीक डहाळ्या, सगळे काही. फक्त त्या डहाळ्या तिच्या होत्या. त्या झाडाखाली वाढलेल्या माणसाला मी त्या दाखवणार होतो! कन्येकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तिनेच ते पुसले आणि धूसर झाड परत आणले. आम्ही काळोख तेवढा थोडा उजळला आणि पांढरा काठ ठेवून छापून घेतले. प्रदर्शनालाही झाडासकटचेच चित्र गेले.

महिन्याभराने तो मुलगा छापील चित्र परत घेऊन आला. आणखी एक प्रत काकांसाठी हवी होती. “वडलांनी खूण केलीय सर, तेवढी चालेल ना?” झाडाच्या उजवीकडे, चित्र जिथे संपते त्याच्याही पलीकडे, पांढऱ्या काठावर बॉलपेनची एक फुली होती. घर तिथे होते.