उमेदवारीचे वर्ष

आमच्या बुलढाणे शहरास रेल्वे नाही. त्यामुळे कोणी परगावी निघाला तर शिट्टी होत नाही, रुमाल हलत नाहीत. एस. टी.च्या धुरळ्यात माणूस दिसेनासा होतो, इतकेच. माझा एक विद्यार्थी असाच पुण्याकडे गेला. मोठ्या कंपन्यांत बारा महिने उमेदवारी करण्याची योजना केंद्र सरकारने 2024 साली काढली. दरमहा 5,000 रुपये, पैकी 4,500 सरकारचे, 500 कंपनीचे. त्याच्या वडिलांची कोरडवाहू कपाशी. ते कचरत होते. "पाठवा, पोराचे कल्याण होईल," असे मीच छातीठोकपणे सांगितले. उपदेश करताना प्राध्यापकाला पदरमोड करावी लागत नाही!

वर्ष संपले. नोकरीची हमी योजनेत नव्हतीच. प्रशस्तिपत्र घेऊन तो मजकडे आला. खोलीभाड्यापायी घरून दोनदा पैसे मागवावे लागले, हे त्याने खाली पाहत सांगितले. मी ओशाळलो.

"मग शिकलास तरी काय?"

त्याने पिशवीतून एक वही काढली. पहिले तीन महिने त्यास कोणी कामच दिले नव्हते. तेव्हा गोदामात माल केव्हा येतो, कोठे अडतो, हे तो नुसते पाहून टिपून ठेवी. पुढे वरिष्ठांनी ती वही मागून नेली व तिच्यावरून मालाची मांडणी बदलली. त्याचे नाव मात्र कोठे आले नाही.

"रागावला नाहीस?"

"रागावलो ना, सर. पण वही परत मागून घेतली."

दुसऱ्या दिवशी तो खामगावच्या एका जिनिंगात विचारपूस करण्यास जाणार होता. चिठ्ठी देऊ का, असे मी विचारले. तो नको म्हणाला.