भाचीचा पाठ आणि माझी जुनी बातमी

"मामा, तुम्हाला पीपीटी जमते ना? सोमवारी माझा पाठ आहे."

भाचीचा फोन. ती डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात अजून सगळे डी.एड.च म्हणतात. एकेकाळी आमच्याकडं डी.एड.ला नंबर लागला की पेढे वाटायचे. आता पास झाल्यावर टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल आणि मग नुसती वाट बघणं. तरी पोरीनं हट्टानं हेच घेतलं.

तिची इंटर्नशिप बीड जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्यात, एका दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. चौथीच्या परिसर अभ्यासातला पिण्याच्या पाण्याचा पाठ होता. निरीक्षणाला कॉलेजच्या मॅडम येणार. त्यांच्या फॉर्मात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे, त्याला मार्क आहेत.

मी वीस वर्षं पेपरात, पानं लावून हात बसलेला. रविवारी दोघं बसलो. मी सवयीनं श्रीलिपीत टाइप केलं, तिनं तिच्याकडं उघडलं तर सगळा कचरा. "मामा, युनिकोडमध्ये करा हो." परत केलं. २२ स्लाइड. ढगातून थेंब पडतोय, अक्षरं गिरक्या घेत येतायत. मीच जास्त खूश.

सोमवारी गाडीवर तिला सोडायला गेलो. वर्गात शिरलो आणि भिंतीकडं बघून थबकलो. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर विणलेलं पांढरं कापड.

हा टीव्ही मला ओळखीचा होता. २०१७ साली लोकवर्गणीतून तो बसवला तेव्हा फीत कापायच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. 'गावची शाळा झाली डिजिटल' अशी चार कॉलम बातमी मीच केली होती. हेडमास्तर म्हणाले, "तुमची बातमी लॅमिनेट करून ऑफिसात लावली आहे की." मग हळूच म्हणाले, "दीड वर्ष चालला. व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड उडाला. दुरुस्ती परवडंना."

परवडणार कशी? ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार अनुदान. खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, लाइट बिल सगळं त्यातच बसवायचं. पुढची सात-आठ वर्षं तो टीव्ही बंद होता आणि माझ्या बातमीत मात्र शाळा डिजिटलच होती. मी परत कधी गेलोच नव्हतो.

तो काळच तसा होता. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, गावोगाव डिजिटल शाळांची लाट आली. लोकांनी खरोखर खिशातून पैसे दिले, शिक्षकांनी रात्री जागून व्हिडिओ बनवले. त्या मेहनतीची थट्टा करायची नाही. पण वस्तू बसवली की काम झालं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो.

रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आम्ही बातमीत क्यूआर कोड, क्यूआर कोड एवढंच लावलं. परितेवाडीच्या पोरांना पुस्तकाची भाषा कळत नव्हती, म्हणून गुरुजी आधी कन्नड शिकले आणि मग ते सगळं केलं. ती गोष्ट बातमीच्या शेवटच्या ओळीत गेली.

आता शाळेत तंत्रज्ञान नाही असं नाही. सरांच्या मोबाइलवर बघितलं तर हजेरी ऑनलाइन, पोषण आहार ऑनलाइन, यू-डायस ऑनलाइन, पगार शालार्थवर. फोटो काढा, भरा, पाठवा. शाळेतली माहिती वर जाते, वर्गात उतरत काही नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की गोल फिरत राहतं. रेंज पाण्याच्या टाकीजवळ.

तर पाठ. कॉलेजचा प्रोजेक्टर आणलेला. मैत्रिणीचा लॅपटॉप, बॅटरी गेलेली, वायर काढली की बंद. तिसऱ्या स्लाइडला लाइट गेली.

मी व्हरांड्यात उभा. पोरगी घामाघूम. मॅडम मागं फॉर्म घेऊन बसलेल्या. मिनिटभर ती काहीच बोलली नाही. मग पोरांना म्हणाली, "पटावर २३ आहेत. तुम्ही तर १४ च. बाकीची कुठंत?"

पोरं एका सुरात, "कोयत्यावर गेली."

आमचा तालुका ऊसतोड्यांचा. उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं जातात, पोरंही जातात.

तिनं मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं. "आपण आज जे शिकू ते त्यांना सांगायचं. कोण सांगतं?" पुढची पंचवीस मिनिटं मी बघत राहिलो. पाणी कुठून येतं, गाळायचं कसं, उकळायचं कशाला, पोरं एकेक करून सांगत होती. आपलाच आवाज ऐकून लाजत होती, चुकलं की "मॅडम, परत घ्या" म्हणत होती. एक पोरगा, जो वर्गात वाचतच नाही असं सर सांगत होते, त्यानं एक परिच्छेद तीनदा रेकॉर्ड करून घेतला. तिसऱ्यांदा अडखळला नाही.

संध्याकाळी सरांकडून नंबर घेऊन तिनं नऊ घरांना ते पाठवलं. चार नंबर बंद. तिघांनी ऐकलं, उत्तर नाही. दोन उत्तरं आली. एक रात्री साडेनऊला, कुठल्या तरी कारखान्याच्या तळावरच्या कोपीतून. मागं भांड्यांचा आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज. "म्याडम, आमी हितं कॅनलचं पानी पितो. आई फडक्यानं गाळती. उकळाया सरपन नस्तं."

भाचीनं ते मला ऐकवलं आणि गप्प बसली. आमच्या २२ स्लाइडमध्ये पाणी उकळण्याचं चित्र होतं. सरपण कुठून आणायचं, हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात तो आवाज लावला. ज्यांचे आईबापही असेच जाऊन आलेले, ती पोरं बोलायला लागली, तास पुरला नाही. आठ दिवसांनी तो नंबरही बंद झाला. रिचार्ज संपला असणार. व्हॉट्सअॅपनं कोयता थांबत नाही, हे मलाही कळतं. ती पोरं उन्हाळ्यात परत येतील तेव्हा बरंच मागं पडलेली असतील. हिची इंटर्नशिपही तोवर संपलेली असेल.

मॅडमचा शेरा आला, 'पीपीटीचा वापर अपेक्षित होता.' त्या रकान्यात मार्क कमी. मॅडम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाठ चांगला झाला गं. पण फॉर्मात तेवढंच विचारलेलं आहे." त्यांचाही दोष मी धरत नाही.

पण फॉर्म बदलता येतो की. होऊ घातलेल्या शिक्षकाला 'कोणतं साधन वापरलं' एवढंच विचारण्यापेक्षा 'त्यामुळं कुठलं मूल बोललं' हे विचारा. शाळांच्या लाइट बिलाची आणि दुरुस्तीची वेगळी सोय करा. आणि कोयत्यावर गेलेल्या पोरांशी फोनवर संपर्क ठेवणं हे शाळेचं काम माना, त्याला रिचार्जचे पैसे द्या. एका टीव्हीच्या किमतीत किती पोरांचा हंगाम निघेल, हिशोब करून बघा.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. माझ्या जुन्या कात्रणांत डिजिटल शाळांच्या अकरा बातम्या सापडल्या. या महिन्यात त्या अकराही शाळांत परत जाणार आहे. जे दिसेल ते लिहीन. तुमच्या गावच्या शाळेत असा टीव्ही असेल तर तुम्हीही एकदा आत डोकावून या. तो चालू आहे का बघा, आणि चालू असेल तर त्यावर काय लावतात तेही विचारा.