चॉक लागला का?

हीथ्रोच्या धावपट्टीला चाकं टेकली की विमानातले लोक पट्टे सोडून वरच्या बॅगांना हात घालतात. मुंबईचं विमान असेल तर जरा जास्तच लगबग. आम्हा रॅम्पवाल्यांच्या, म्हणजे विमान उभं राहतं तिथे राबणाऱ्यांच्या, लेखी मात्र ते विमान अजून आलेलंच नसतं. ते जागेवर उभं राहतं, इंजिनं मंदावतात, लाल दिवा लुकलुकायचा थांबतो. मग आम्ही पुढे सरकतो आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चॉक लावतो. चॉक म्हणजे पाचरीसारखा निमुळता रबरी ठोकळा. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावतो ना, तेच काम.

चॉक लागले की वैमानिकाला खुणा करणारा मार्शलर दोन्ही हात डोक्यावर ताठ धरतो आणि हातांतल्या कांड्यांची टोकं एकमेकींना भिडेपर्यंत आत ढोसतो. वैमानिक काय ते समजतो. आमच्या कागदावर विमान आलं ते तेव्हा.

निघतानाही तसंच. तिकिटावरची वेळ आकाशात झेपावण्याची नसते, जागा सोडण्याची असते. वैमानिकाचे उड्डाणाचे तास मोजायची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, तिच्यात ‘चॉक टू चॉक’ हे शब्दच आहेत. म्हणजे धावपट्टीच्या रांगेत विमान अर्धा तास रखडलं, तरी वैमानिकाच्या वहीत तो अर्धा तास उडालाच!

आमच्यातले जुने इंग्रज पाळी संपली की ‘चॉक्स अवे’ म्हणत निघतात. हे पहिल्या महायुद्धापासूनचं. त्या विमानांच्या चाकांना ब्रेक नसायचे. इंजिन पुरेसं तापलं की वैमानिक ओरडायचा आणि दोघे मेकॅनिक दोऱ्या ओढून ठोकळे काढून घ्यायचे. आता म्हातारे हाउन्स्लोच्या बसथांब्याकडे निघाले तरी तेच म्हणतात, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटआधी इथे आलेली आमची गोव्याची मंडळीही ते उचलून बसली आहेत. पुढे बाथ रोड तुंबलेला असला, की तो ‘चॉक-अ-ब्लॉक’. हा मात्र जहाजांवरचा शब्द. दोरखंडाच्या दोन कप्प्या एकमेकींना भिडल्या की दोर आणखी ओढताच येत नाही, तशी अवस्था.

आमच्या चाकाखालच्या चॉकची सद्दी प्रवाशाच्या बाबतीत मात्र संपते. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेलं एक विमान टेकलं तेव्हा त्याला २ तास ५८ मिनिटं उशीर झाला होता. जागेवर पोचेपर्यंत ३ तास ३ मिनिटं झाली. युरोपीय नियमाने उशिराची भरपाई मिळते ती ३ तासांपासून. प्रवाशाने २५० युरो मागितले. कंपनीचं म्हणणं, चाकं टेकली तेव्हाच आम्ही पोचलो. २०१४ साली युरोपीय न्यायालयाने चाकंही धरली नाहीत आणि चॉकही नाहीत. निदान एक दार उघडून लोकांना उतरायची मुभा मिळते, तो क्षण धरा म्हणाले.

विमानाच्या दाराला एअरोब्रिज लावणारा आमचा गडी हा निकाल सगळ्यांना ऐकवत फिरतो.